होडीत घेतलेला माणूस

"मुकुंदाऽऽऽ!"

मी ओरडलो आणि भिकूतात्यानं लगेच इंजिन बंद केलं.

समुद्रात हरवलेल्याला शोधायची आमच्याकडची पद्धत हीच. थोडं अंतर जायचं, हाक मारायची, इंजिन बंद करायचं आणि कान देऊन बसायचं. पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. मधे लाट उठली की दोन होड्यांच्या अंतरावरचं माणसाचं डोकंसुद्धा दिसत नाही. आवाज मात्र पाण्यावरून लांब जातो. सकाळपासून आम्ही हेच करत होतो. ऊन डोक्यावर आलं होतं, माझा घसा पार बसला होता आणि उत्तर म्हणून फक्त होडीच्या बुडाखाली पाणी आपटल्याचा आवाज येत होता.

मुकुंद माझा धाकटा भाऊ. आदल्या दिवशी दुपारी तो एकटाच पात घेऊन जाळी ओढायला गेला होता. पात म्हणजे आमची लहान होडी, दोन माणसांची, पण हलक्या हाताचा माणूस एकटाही नेतो. पावसाळा सरला होता, आभाळ लख्ख होतं, वाऱ्याचं नावही नव्हतं. आणि मग तिन्हीसांजेच्या जरा आधी वारा असा काही फिरला की किनाऱ्यावरची वाळत घातलेली जाळी माडांवर जाऊन अडकली. बाकीचे कसेबसे परतले. मुकुंद आला नाही. सकाळी पलीकडच्या गावातल्या लोकांना त्याची पात पालथी तरंगताना मिळाली.

गावातल्या होड्या उत्तरेला गेल्या. तात्या म्हणाला, पाण्याची ओढ दक्षिणेला आहे, आपण तिकडे जाऊ. भिकूतात्या माझ्या वडिलांचा खलाशी. बाबा गेल्यावर तो माझ्या होडीवर आला, म्हणजे खरं तर होडीबरोबरच मला मिळाला. आम्ही इतक्या घाईनं निघालो होतो की होडीत जेवढं डिझेल होतं तेवढ्यावरच निघालो. मोबाईल घेतला होता, पण त्याला त्या बाजूला रेंज नव्हती.

त्या वर्षांत आमच्या निवेवाडीत कुणाचंच काही धड चाललं नव्हतं. मोठ्या बोटी आल्या होत्या. त्या रात्री पाण्यात झगझगीत लाईट सोडायच्या, सगळी मासळी उजेडाला गोळा व्हायची आणि एका जाळ्यात उचलून न्यायच्या. आम्ही त्यांना लायटीवाले म्हणायचो. त्यांच्या मागं राहायचं ते खारं पाणी. शेवटी हमरीतुमरी झाली, दगडफेक झाली, आमच्यातल्या काहींनी त्यांची जाळी जाळली. मग देवळात गाव बसला आणि ठरलं की लायटीवाल्यांच्या बोटीला दोर द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, अडचणीत सापडले तर तोंड फिरवून पुढं जायचं. सगळ्यांचे हात वर झाले. माझाही झाला. मुकुंदचा झाला नाही. तो मागं खांबाला टेकून उभा होता. घरी येताना मी त्याच्यावर डाफरलो, तर म्हणाला, "बाबांनी काय सांगलेला, दादा? हाक इली की वळायचा. होडीत घेतलेलो माणूस आपलो. आधी किनाऱ्याक लावायचो, नाव मगे इचारायचा."

"बाबांचे नियम मासे होते तेव्हाचे," मी म्हणालो.

खोटं कशाला बोलू, तेव्हा मला तसंच वाटायचं. पोट भरलेलं असताना माणूस काय वाटेल ते नियम करतो. बाबांच्या वेळी समुद्र दोन्ही हातांनी देत होता. आता आम्ही जाळी झटकून झटकून काटेरी चिंगळं वेचत होतो. मुकुंद गोव्याला हॉटेलात नोकरीला जाणार होता. आणि मी स्वतः, देवळात हात वर केलेला मी, बंदरावरच्या एका माणसाला विचारून ठेवलं होतं की दिवाळीनंतर लायटीच्या बोटीवर तांडेल म्हणून, बोटीचा प्रमुख म्हणून, जागा मिळेल का. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तर मी हाक मारली, तात्यानं इंजिन बंद केलं आणि आम्ही गप्प बसलो.

"ओऽऽ!"

मला आधी वाटलं, भास झाला. मी तात्याकडं पाहिलं. तात्यानं हात वर केला होता.

"आयकलंस?"

"आयकलंय."

पुन्हा आला. क्षीण, पण आला. "ओऽऽ!"

मी फळीवर बसलो आणि रडायला लागलो, हसायलाही लागलो. तात्या मात्र मान वाकडी करून ऐकत होता.

"जयवंता, ह्यो मुकुंदाचो आवाज न्हय."

"रातभर ओरडान बसलो आसतलो तेचो आवाज. चल, इंजिन चालू कर!"

आवाज आला त्या दिशेला आम्ही होडी पळवली. दोन-तीन लाटांपलीकडं काहीतरी निळं वर-खाली होत होतं. मी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभा राहून हात हलवत होतो, मुकुंदा, मुकुंदा म्हणत होतो. जवळ गेलो तर तो निळा रंग प्लास्टिकच्या मोठ्या पिंपाचा होता. मासळी ठेवायची ती पिंपं दोरानं एकमेकांना बांधलेली होती आणि त्यांना धरून दोन माणसं लोंबकळत होती. त्यांच्यात मुकुंद नव्हता.

मला ते दृश्य आजही आठवतं आणि खरं सांगायचं तर त्या दोघांचा मला तेव्हा रागच आला. त्यांनी ओ द्यायची नव्हती, असं वाटलं.

"लायटीवाले," तात्या म्हणाला. पिंपावर बोटीचं नाव रंगवलेलं होतं. ती बोट आम्हाला चांगली ठाऊक होती. "काय करूया?"

"काय करतलंव? घे वर."

हे मी मोठ्या मनानं बोललो असं कुणी समजू नये. हात आपसूक पुढं गेले. लहानपणापासून पाण्यातला माणूस दिसला की हात जातात, तसे गेले.

"आधी याला घ्या," त्यांच्यातला एक म्हणाला. "याचा पाय गेलाय."

दुसरा चाळिशीपुढचा, बुटका, नेपाळी खलाशी होता. बोट उलटताना त्याचा पाय जाळं ओढायच्या यंत्रात चिरडला होता. मांडीला पंचा आवळून बांधला होता, तरी रक्त थांबत नव्हतं. त्याला आत घेताना तो ओरडलासुद्धा नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि दात असे वाजत होते की ऐकवत नव्हतं. मी माझा शर्ट काढून त्याच्या अंगावर घातला, तात्यानं जाळ्याखालचं ताडपत्रीचं फडकं घातलं.

पहिला माणूस मागून वर आला आणि नाळेशी पाय पोटाशी घेऊन बसला. त्याचं नाव रोहिदास. बोटीचा तांडेल तोच होता. अंगानं थोराड, माझ्याच वयाचा. पाणी प्यायला, ओकला, पुन्हा प्यायला. मग त्यानं विचारलं, "कोणाला हाका मारत होतात? आम्हाला वाटलं, आमच्यासाठीच आलात."

"माझ्या भावाक. काल सांजेपासना नाय तो."

त्याचा हात तोंडाकडं जाता जाता थांबला. तो माझ्याकडं बघत राहिला, मग त्यानं नजर खाली घातली. ती नजर खाली घालणंच मला खटकलं.

"एकटाच होता?" त्यानं हळू विचारलं. "उलट्या होडीवर? हातात निळा शर्ट?"

मी सुकाणू सोडून त्याच्या अंगावर गेलो. "खंय बघलंस?"

"बामणखडकाच्या बाहेर. अजून उजेड होता."

"मगे?"

त्यानं पाय आणखी पोटाशी घेतले.

"मगे काय केलास?"

"थांबलो नाय," तो म्हणाला.

मग तो सांगत गेला. कुणी विचारलं नव्हतं, पण सांगत गेला. "शर्ट काढून हलवत होता. हाका मारत होता. कमरेला जाळ्याचे कॅन बांधले होते, म्हणजे तरंगत राहिला असता. हा आमचा बीर बोलला, तांडेल, माणूस आहे, थांबू या. मी बोललो, हे निवेवाडीवाले, यांनी आपली जाळी जाळली. थांबलो तर मागून यांच्या चार होड्या येतील नि आपल्याला घेरतील. चल पुढं. त्यांच्यातला कोणीतरी उचलेल त्याला. आणि मग वारा वाढला नि आमचीच बोट गेली. बाकीचे कुठं गेले माहीत नाय."

आमच्या होडीत कोयती असते, अडकलेला दोर तोडायला. मी मागं वळलो तेव्हा ती तात्याच्या हातात होती.

"टाक तेंका परत पाण्यात," तात्या म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, पाटी उचल म्हणावं तसा. "तू धर, मी ढकलतंय. कोण बघता हय?"

कुणीच बघत नव्हतं, हे खरं होतं. चहूबाजूंना नुसतं पाणी होतं. मी रोहिदासची मान धरली होती आणि मला ती सोडवत नव्हती. त्यानं सोडवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

"मला टाक," तो म्हणाला. "थांबू नका असं मीच सांगितलं. पण याला किनाऱ्याला लाव. यानं थांबू या म्हटलं होतं."

मी हात काढला. त्याच्यावर दया आली म्हणून नव्हे. मला एकदम आठवलं होतं की मुकुंदच्या कमरेला कॅन होते. कॅन असले तर माणूस बुडत नाही. रात्रभर नाही बुडत, दुसऱ्या दिवशीही नाही. मुकुंद मासोळीसारखा पोहायचा. तो तिथं होता, बामणखडकाच्या आसपास, किंवा ओढीबरोबर जरा खाली, आणि मी इथं या माणसाची मान धरून वेळ घालवत होतो.

"तात्या, डिझेल बघ."

तात्यानं टाकीत काठी घालून पाहिली. ओल काठीच्या टोकालाच होती. त्यानं ती मला दाखवली आणि म्हणाला, "एक काय ता होतला. खडक, नायतर किनारो."

"आणि खडकाकडसून परत?"

"वल्ही आसत. रात्रीपर्यंत लागू किनाऱ्याक. नायतर कोणतरी बघीत." त्यानं बीरकडं पाहिलं सुद्धा नाही. बीर रात्रीपर्यंत राहणार नव्हता हे दोघांनाही कळत होतं.

मी खडकाकडं नाळ वळवली.

रोहिदास बीरचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. होडीच्या तळाला साचलेलं पाणी लाल झालं होतं आणि ते होडी हलेल तसं माझ्या पायांवरून जात-येत होतं. मी खाली बघत नव्हतो. मी लाटांमध्ये बघत होतो आणि देवीला आळवत होतो. आमची सातेरी. मी तिला म्हणत होतो, आई, खडकाजवळ नसला तरी चालेल. कुणीतरी त्याला उचललेलं असू दे. कुठल्याही गावाची होडी असू दे. मुकुंद तिच्यात पडलेला असू दे, अंगावर काहीतरी पांघरूण असू दे, कुणीतरी त्याला घोटभर पाणी पाजू दे, आणि तो होडीवाला त्याला घेऊन सुसाट किनाऱ्याकडं जाऊ दे.

ते सगळं मला दिसत होतं. होडी दिसत होती, मुकुंदचे वाजणारे दात दिसत होते. आणि होडीवाला कोण हे दिसत नव्हतं, तर तेही मी बघायला गेलो. त्यालाही त्याची कामं असतील. त्याचीही जाळी वाहून गेली असतील, त्याचंही कुणी पाण्यात असेल. तरी मला तो वळायलाच हवा होता. आधी माझ्या भावाला टाक किनाऱ्यावर, मग तुझं काय ते बघ, असं मी त्या न दिसणाऱ्या माणसाला अगदी काकुळतीनं सांगत होतो.

तेवढ्यात पायाला काहीतरी लागलं. बीरचा हात होता. तो पाणी मागत होता, त्याच्या भाषेत. मी बाटली त्याच्या तोंडाला लावली. त्यानं दोन घोट घेतले आणि बाटली सोडून माझं मनगट धरलं. जोर काहीच नव्हता त्या हातात. मी ते सहज सोडवू शकलो असतो. पण मला रडू फुटलं, कारण आता कुठं जायचं ते मला कळलं होतं आणि मला तिकडं जायचं नव्हतं.

मी सुकाणू फिरवलं.

"येडो झालंस?" तात्या ओरडला. "जयवंता! तुझो भाव थय आसा!"

"ठावक आसा."

"मगे?"

"तो पाण्यात आसा, तात्या. ह्यो होडीत आसा."

तात्यानं मला शिव्या घातल्या. माझ्या बापाच्या नावानं घातल्या, त्या बापाचा हा जन्मभराचा खलाशी. आवशीक काय तोंड दाखवतलंस म्हणाला, भावाचो वैरी म्हणाला, आणि मग तोही तोंडात पंचा कोंबून रडायला लागला. मी मागं वळून पाहिलं नाही. मागं पाहिलं असतं तर पुन्हा सुकाणू फिरवलं असतं. माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

किनारा दिसायला लागला तेव्हा तात्यानं तोंड पुसलं. "लोकांका काय सांगतलंस?"

"तू गप रव."

वाळूत सगळं गाव उभं होतं. आई सगळ्यांच्या पुढं होती. तिनं लांबून आमची होडी ओळखली. दोघंजण गेले होते आणि आता होडीत जास्त डोकी दिसत होती. ती धावत सुटली. साठीची बाई, गुडघ्यांनी अधू, पण अशी धावली की मला वाटलं, आताच्या आता होडी उलटली तर बरं. पाण्याच्या कडेला येऊन ती थांबली. एकेक चेहरा पाहिला. मग तिथंच वाळूत बसली.

"हे खंयचे?" दाजी कुबलानं विचारलं. गावाचं पुढारपण त्याच्याकडं होतं. त्यानं रोहिदासच्या बनियनवरचं बोटीचं नाव वाचलं आणि मागं वळून म्हणाला, "लायटीवाले आसत!" गर्दी सरकून पुढं आली. कुणीतरी वल्हं उचललं. दाजी मला म्हणाला, "देवळात काय ठरलेला रे, जयवंता?"

"ता किनाऱ्यार ठरलेला," मी म्हणालो. "गाडी हाड आधी. माणूस मरता हय."

दाजी वाकून रोहिदासच्या तोंडाशी तोंड नेऊन उभा राहिला. "तुम्ही काल बाहेर होतास. आमच्या मुकुंदाक बघलास खंय?"

आईनं मान वर केली. रोहिदासनं माझ्याकडं पाहिलं. एक शब्द पुरला असता. मला स्वतः काहीच करायची गरज नव्हती, हातसुद्धा लावायला नको होता, गावानं केलं असतं. आणि मला ते हवं होतं, अगदी तहान लागल्यासारखं हवं होतं.

"थंडीन तोंड उघडना नाय तेचा," मी म्हणालो. "काय इचारतस तेका? गाडी हाड म्हटलंय मी!"

तात्या पाठमोरा होऊन दोर गुंडाळत बसला होता.

बीरला टेम्पोत घालून तालुक्याला नेलं. तो वाचला. पाय गुडघ्यापासून काढावा लागला, पण वाचला. नंतर त्याच्या घरचे येऊन त्याला घेऊन गेले. टेम्पोत बसायला रोहिदासलाही सांगितलं, पण तो बसला नाही. मला म्हणाला, "मी जागा दाखवतो. मला ने."

होडीत डिझेल भरेपर्यंत थोडा वेळ होता. मी घराकडं गेलो, तो माझ्या मागून आला. आई आमच्याआधीच पोचली होती. तिनं दांडीवरचा मुकुंदचा सुका शर्ट काढून रोहिदासच्या हातात दिला आणि पडवीत आमच्या दोघांपुढं पेज वाढली, सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवला. तिच्या घरात आलेला माणूस आधी जेवायचा, मग बाकीचं. शर्ट त्याला दंडांत घट्ट बसत होता. पेजेची वाटी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती, पण तोंडाकडं नेत नव्हता.

"आये," तो म्हणाला, "मी तुझ्या मुलाला बघितला."

मी त्याचा हात दाबला. त्यानं तो सोडवून घेतला आणि सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, स्वतःसाठी एकही शब्द घातला नाही. शर्ट हलवत होता. हाका मारत होता. मी थांबू दिलं नाही.

आई चुलीजवळून उठून उंबऱ्यात येऊन बसली होती. बराच वेळ ती त्याच्या अंगातल्या शर्टाकडं बघत राहिली.

"काय म्हणत होतो तो?"

"काय?"

"हाक मारत होतो मां? काय म्हणान हाक मारी?"

"दादा म्हणून," रोहिदास म्हणाला. "ओ दादा, ओ दादा. आम्हाला."

मी उठून परसात गेलो. परसातून मला आईचा आवाज ऐकू आला. तो चढलेला नव्हता, पण असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मी तुका माफ करूचंय नाय. ता माका जमाचा नाय, कधीच. कळला?" मग ती थांबली. "पेज थंड होता. खा. आणि मगे ह्येच्यावांगडा जा. जागा तुका ठावक आसा."

तो जेवला. घास गिळताना त्याच्या घशातून आवाज येत होता, पण त्यानं वाटी पुसून खाल्ली. तो उठेपर्यंत आई समोरून हलली नाही.

आम्ही तिघं परत निघालो. तात्या रोहिदासशी बोलत नव्हता, पण त्यानं त्याला बसायला फळी दिली. बामणखडकाच्या बाहेर रोहिदासनं हात करून जागा दाखवली. तात्यानं इंजिन बंद केलं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. घसा गेला होता की आणखी काही, कुणास ठाऊक. तेव्हा रोहिदास उठून उभा राहिला आणि त्यानं हाक मारली. तिथून ओढीच्या अंगानं आम्ही खाली खाली जात राहिलो आणि प्रत्येक थांब्याला तोच हाका मारत राहिला.

दिवस कलंडताना तात्याला कॅन दिसला. एकच होता. त्याच्या कडीला दोर होता आणि दोराला गाठ होती. मुकुंद डावखुरा, त्याची गाठ नेहमी उलटी पडायची आणि त्यावरून आम्ही त्याला चिडवायचो. गाठ उलटीच होती. दोराचं दुसरं टोक घासून घासून तुटलं होतं. खडकावर घासलं असणार.

तात्यानं कॅन आत घेतला. मी नुसता बघत राहिलो. रोहिदासनं तो तात्याच्या हातून घेतला आणि मांडीवर ठेवला.

मुकुंद त्या दिवशी सापडला नाही आणि नंतरही नाही.

मी दुपारी परत फिरलो नसतो तर काय झालं असतं, हे मला सगळ्यांनी विचारून झालं आहे. मी स्वतःलाही विचारून झालं आहे. तात्या मरेपर्यंत म्हणायचा की तेव्हासुद्धा उशीर झालेला होता, पण ते त्यानं माझ्यासाठी म्हटलं, हे मला कळायचं. मला उत्तर माहीत नाही. मी लायटीच्या बोटीवर गेलो नाही, एवढं मात्र खरं.

आम्ही किनाऱ्याला लागलो तेव्हा सूर्य बुडाला होता. गर्दी पांगली होती. आई एकटीच उभी होती. तात्या खाली उतरला. मी उतरलो. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं.

रोहिदास उतरेना. तो नाळेशी बसून राहिला, अंगात मुकुंदचा शर्ट, मांडीवर मुकुंदचा कॅन. मी दोनदा हाक मारली. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. तात्या म्हणाला, रवांदे तेका थयच.

तेव्हा आई लुगडं न सावरता तशीच पाण्यात शिरली. कमरेइतक्या पाण्यातून होडीपाशी गेली आणि तिनं हात पुढं केला.

"उतर रे बाबा," ती म्हणाली. "काळोख पडता. घराक चल."